रेघ ओढण्याआधी शीव चालून या : नगरपंचायत कृती समितीला खुलं पत्र

नगरपंचायत कृती समितीचे अध्यक्ष, सभासद आणि आपल्या गावाची नगरपंचायत व्हावी या निवेदनावर सह्या करणारी सगळी मंडळी, रामराम.

गावाचं नाव या पत्रात मुद्दाम लिहिलेलं नाही. ज्यांना पत्र आहे त्यांना ते ठाऊक आहे. बाकीच्यांनी उत्तर पुणे जिल्ह्यातलं, नाशिक रस्त्यावरचं कुठलंही वाढलेलं गाव डोळ्यापुढं आणावं, चालून जाईल.

एसटी स्टँडसमोर तुमचा फ्लेक्स लागला त्याला महिना झाला. ‘आता गाव नाही, नगर!’ आणि खाली सव्वीस फोटो. त्यातले दोघं माझे सख्खे पुतणे, एक माझ्या वर्गातला, आणि अध्यक्ष म्हणजे आपले तात्या, ज्यांच्या मोटेवर मी लहानपणी पोहायला शिकलो. त्यामुळं हे पत्र वैरातून लिहिलेलं नाही, एवढं आधीच सांगून टाकतो. नगरपंचायत व्हावी असंच मलाही वाटतं. बाजाराच्या दिवशी स्टँडमागच्या गटाराजवळून नाक न धरता जाऊन दाखवावं कुणी. एक घंटागाडी, चार सफाई कामगार आणि अकरा हजारांवर माणूस, हे गणित ग्रामपंचायतीच्या आवाक्यातलं राहिलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी कांद्याच्या चाळीला आग लागली तेव्हा बंब यायला सव्वा तास लागला. तोवर आपण बादल्यांनी पाणी मारत होतो आणि कांदा जळल्याचा वास आठवडाभर गावभर होता. शेजारी मंचरला नगरपंचायत झाली, त्याआधी राजगुरुनगर आणि चाकणला नगरपरिषदा झाल्या. आपणच मागं का, हा तुमचा सवाल रास्त आहे.

माझं भांडण आहे ते तुमच्या नकाशाशी.

निवेदनाला जोडलेला कागद माझ्या नातवानं मोबाईलवर दाखवला, मग मी झेरॉक्स काढून आणली. गुगलच्या नकाशाची छापील प्रत आणि त्यावर लाल पेनानं मारलेली एक रेघ. खाली लिहिलंय : ‘प्रस्तावित नगरपंचायत हद्द’. भूमी अभिलेख खात्यात मी चौतीस वर्षं भूकरमापक होतो. शंकू-साखळी खांद्यावर घेऊन सुरुवात केली आणि निवृत्त झालो तेव्हा आमच्या पोरांच्या हातात उपग्रहावरून मोजणारा रोव्हर होता. तेव्हा कागदावर रेघ पाहिली की मी आधी तिची जाडी बघतो. तुमच्या कागदाचं प्रमाण काढलं तर साधारण एक सेंटिमीटरला अडीचशे मीटर पडतं. पेनाची रेघ एक मिलिमीटर जाड. म्हणजे जमिनीवर ती रेघ पंचवीस मीटर रुंद झाली. त्या पंचवीस मीटरांत खालच्या आळीतली दोन घरं, एक गोठा आणि जिल्हा परिषदेच्या शाळेचं अर्धं कुंपण बसतं. ती घरं नगरात की गावात, हे तुमच्यापैकी कुणी सांगू शकेल का? मी माझ्या वर्गमित्राला विचारलं. तो म्हणाला, ‘ते नंतर तुमच्या खात्याची माणसं बघतील.’

माझ्या खात्याची माणसं नंतर काय बघतात ते मला चांगलं माहीत आहे. तंटे बघतात.

म्हणून मी आणि नातू तीन दिवस पहाटे उठून तुमची लाल रेघ पायाखाली घालून आलो. गावनकाशा माझ्याकडं, मोबाईल त्याच्याकडं.

पहिल्या दिवशी दक्षिणेकडून निघालो. तिथं रेघ ओढ्यानं जाते असं तुमचं म्हणणं. कुठल्या ओढ्यानं? गावनकाशातला ओढा आणि आज वाहणारा ओढा यांत बऱ्याच ठिकाणी कासराभर अंतर पडलंय, कारण पुरात पात्र सरकलं. जुन्या पात्रात आता तिघांचे गट आहेत आणि त्यांत टोमॅटोच्या तारा-बांबू उभे आहेत. नदी-ओढ्याला हद्द धरली की हे होतंच. त्यावर उपाय आहे, गट नंबर लिहायचे. ती बाब सोडून देतो.

दुसऱ्या दिवशी पूर्वेला गेलो. तिथं रेघ सरळ चालत असते आणि मधेच जीभ बाहेर काढल्यासारखी कालव्यापर्यंत जाते, एक वळसा घालते आणि परत जागेवर येते. त्या जिभेत काय आहे ते बघायला आत शिरलो. चौदा-पंधरा एकर रान. पीक नाही, पण कमान आहे. कमानीवर इंग्रजी नाव आणि सोनेरी मोर. आत फक्कीनं आखलेले प्लॉट आणि प्रत्येक कोपऱ्यावर रंगवलेला दगड. राखणदार म्हणाला, ‘बाबा, एक गुंठा घ्यायचा का? हद्दीत येणारे आता.’ त्या बिचाऱ्याला माझ्यापेक्षा आधी कळलं होतं.

तुकडेबंदीच्या, म्हणजे जमिनीचे बारके तुकडे विकायला आडकाठी करणाऱ्या, कायद्यातून शहरी हद्दीतल्या गुंठ्यांना मोकळीक मिळू लागली तेव्हापासून या रेघांना भाव आलाय, हे न कळण्याइतका मी भाबडा नाही. त्या रानाचे मालक समितीत आहेत म्हणून मी ओरडतोय असंही नाही. उद्या तिथं वस्ती होणार असेल तर ती हद्दीत असलेलीच बरी. मला सलतंय ते तिसऱ्या दिवशी जे पाहिलं त्याच्या शेजारी हे ठेवल्यावर.

तिसऱ्या दिवशी उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याला गेलो. ठाकरवस्ती. सात-साडेसातशे माणूस. तुमची रेघ वस्तीच्या अलीकडं, खळ्याच्या बांधावरून निघून जाते. वस्ती अख्खी बाहेर.

आता गंमत बघा. आपल्या नळपाणी योजनेची विहीर कुठं आहे? वस्तीच्या तोंडाशी, पाझर तलावाच्या खाली. गावातल्या प्रत्येक नळाला जे पाणी येतं ते तिथून पंपानं उचलून टेकडीवरच्या टाकीत जातं. तुमच्या रेघेनं टाकी आत घेतली आणि विहीर बाहेर ठेवली. विहिरीच्या कट्ट्यावर एक म्हातारी हंडा घासत होती. तिला मी लहानपणापासून ओळखतो, ती माझ्या आईबरोबर भात लावणीला असायची. कागद दाखवून सांगितलं की ही रेघ अशी अशी आहे. तिनं हंडा पालथा घातला आणि विचारलं, ‘मंग हिरीचं पाणी कुन्या गावचं म्हनायचं, दादा?’

मला उत्तर देता आलं नाही. तुमच्याकडं असेल तर द्या.

वस्ती बाहेर का ठेवली, हे मी समितीतल्या तिघांना वेगवेगळं विचारलं. एकानं सांगितलं, तिथवर अडीच किलोमीटर रस्ता आणि दिवाबत्ती करायची म्हणजे खर्च, आणि घरपट्टी काय येणार तिथून? दुसरा म्हणाला, ते आत घेतले काय न घेतले काय, दहा हजार डोकी तशीही भरतात. तिसऱ्यानं मात्र थांबून विचार करायला लावणारं उत्तर दिलं. तो म्हणाला, ‘काका, नगरपंचायत झाली की त्यांची रोजगार हमी जाईल. ग्रामीण घरकुल जाईल. त्यांच्याच भल्यासाठी बाहेर ठेवलंय.’ या बोलण्यात तथ्य आहे. रोजगार हमी ही ग्रामीण भागाचीच योजना आहे, आणि वस्तीतली निम्मी घरं उन्हाळ्यात बंधाऱ्याच्या आणि रोपवाटिकेच्या कामावर असतात. पण भल्याचा विचार केला तर ज्यांचं भलं करायचंय त्यांना एकदा विचारावं की नाही? तुमची बैठक मंगल कार्यालयात झाली. वस्तीत दवंडी नाही, निरोप नाही.

आणि बाहेर ठेवून त्यांनी जायचं कुठं, याचाही विचार कागदावर दिसत नाही. आपली ग्रामपंचायत नगरपंचायतीत गेली की उरलेल्या तुकड्याला वाऱ्यावर सोडता येत नाही. स्वतंत्र ग्रामपंचायत व्हावी एवढी त्यांची लोकसंख्या नाही. म्हणजे डोंगरापलीकडच्या पंचायतीला जोडणार. दाखल्यासाठी खिंड ओलांडून जायचं आणि डोळ्यासमोरच्या गावातलं नगरपंचायतीचं ऑफिस नुसतं बघायचं.

आता दुसऱ्या सभासदाच्या ‘दहा हजार भरतात’ या हिशेबाबद्दल. नगरपंचायतीचा कायदा १९६५ चा आहे, नगरपरिषदांचाच. त्यात ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर नगरपंचायत आली. गावाकडून शहराकडं झुकलेल्या भागासाठी ती आहे. लोकसंख्या दहा ते पंचवीस हजारांत हवी आणि शेतीबाहेर पोट भरणाऱ्यांचं ठरावीक प्रमाण हवं. तालुक्याच्या गावांना सरकारनं वेगळी वाट करून दिली, आपण तालुका नाही. २०११ च्या जनगणनेत आपण अकरा हजारांच्या थोडे वर होतो. वस्ती वगळली तरी दहाच्या वर राहतो, आणि ठाकरवस्तीत जवळजवळ सगळे शेतमजूर, ते वगळले की बिगरशेतीचा टक्का वाढतो. म्हणजे हद्द गावावरून ठरलेली नाही. आधी आकडा ठरला आणि मग आकड्याला बसेल अशी हद्द कापली. शिंप्यानं कापडाला बसेल असा माणूस शोधावा तसं झालं हे.

अजून एक हिशेब तुमच्यातल्या कुणी केलेला दिसत नाही. नगरपंचायतीत प्रभाग सतरा. (आपल्या ग्रामपंचायतीत सदस्यही सतराच आहेत, पण तिथं एका वॉर्डात दोन-तीन असतात, इथं प्रभागाला एकच नगरसेवक.) अनुसूचित जमातीच्या जागा हद्दीतल्या त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात निघतात. अकरा हजारांत सात-साडेसातशे आदिवासी धरले तर सतरात साधारण एक जागा येते. रेघ खळ्याच्या बांधावरून गेली की ती एक जागा नकाशातूनच पुसली जाते. हे कुणी ठरवून केलं असं मी म्हणत नाही. पण रेघ ओढणाऱ्याच्या मनात काय होतं हे रेघेला माहीत नसतं. ती जे कापायचं ते कापतेच.

जनगणनेच्या पुस्तकात ‘जनगणना नगर’ असा एक प्रकार आहे. कारभार ग्रामपंचायतीचा, पण जनगणनेच्या लेखी शहर. निकष तीन. पाच हजार लोक, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी ७५ टक्के शेतीबाहेर, आणि चौरस किलोमीटरला ४०० माणसांची दाटी. अशी गावं देशात २००१ साली १,३६२ होती, २०११ ला ३,८९४ झाली. म्हणजे आपल्यासारखी हजारो गावं उंबऱ्यावर उभी आहेत. यातल्या तिसऱ्या निकषाकडं जरा बघा. दाटी म्हणजे माणसं भागिले जमीन. माणसं वाढवणं आपल्या हातात नाही, पण जमीन कमी-जास्त करणं रेघ ओढणाऱ्याच्या हातात असतं. म्हणून रेघेशी खेळण्याचा मोह सगळीकडं होतो. आपल्याला झाला यात नवल नाही.

आता शेतकऱ्यांकडं येतो, कारण फ्लेक्सवरचे निम्मे तेच आहेत आणि त्यांना वाटतंय की हद्दीत आलं की रान सोन्याचं झालं. रेडीरेकनर, म्हणजे जमिनीचा सरकारी दर, चढेल, खरं आहे. यलो झोन, म्हणजे रहिवासाचा पट्टा, पडेल, कदाचित. पण विकास आराखडा होईपर्यंत रान ग्रीन झोन, म्हणजे शेतीचा पट्टाच राहतं, आणि आराखडा आला की तुमच्याच गटावर बागेचं नाहीतर मैदानाचं आरक्षण बसू शकतं. मग दहा वर्षं त्या जागेकडं बघत बसायचं आणि त्यानंतर नोटीस द्यायची. शिवाय एक गोष्ट मला नोकरीत एका वकिलानं शिकवली होती. गावातली शेतजमीन विकली तर भांडवली नफ्यावर आयकर लागत नाही. पण दहा हजार किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या नगरपालिकेच्या, म्हणजे नगरपंचायतीच्याही, हद्दीत ती आली की लागतो. आणि तो हद्दीपाशी थांबत नाही. दहा हजारांवरच्या गावाला हद्दीपासून हवाई, म्हणजे सरळ रेषेत, दोन किलोमीटरपर्यंतची जमीन त्यात येते. म्हणजे तुमच्या पेनाच्या रेघेनं शेजारच्या दोन गावांतल्या शेतकऱ्यांच्या व्यवहारावरही कर बसणार. पूर्वेची ती जीभ कालव्यापर्यंत गेली आहे ना, तिच्या टोकापासून दोन किलोमीटर मोजा आणि त्या गावच्या सरपंचांना फोन करून सांगा. ते चहाला बोलावणार नाहीत.

शिवेचं जुनं शास्त्र आपल्याकडं होतं. गावात ‘पांढरी’ म्हणजे वस्तीची जमीन आणि ‘काळी’ म्हणजे पिकाची. दोन्ही मिळून गाव. पांढरीला वेस असायची आणि काळीला शीव. शिवेवर मारुती किंवा म्हसोबा, नवरी आली की शिवेवर नारळ. मला मात्र यातली सगळ्यात मोठी गोष्ट वेगळी वाटते. शिवेचा तंटा लागला की साक्ष कुणाची मानायचे? महार वतनदाराची. कारण गावाच्या कडेकडेनं रोज पायांनी फिरणारा तो एकटाच. ज्याचं घर गावानं वेशीबाहेर ठेवलं, त्याच्याच पायांवर गावाची शीव ठरायची. या उलट्या न्यायाचा विचार मी चौतीस वर्षं मोजणी करताना अनेकदा केला. मोजणीला गेलं की पाटील सांगायचे तो बांध एक, कागद सांगायचा तो दुसरा, आणि कडेला राहणारा माणूस बोट दाखवायचा तिथं खणलं की पुरलेला दगड सापडायचा.

इंग्रज आले तेव्हा १८३५ च्या सुमाराला इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी मोजणीची जी पद्धत बसवली, तिचीच टिपणं पुढं आपल्या हातात आली. तेहतीस फुटांची साखळी, सोळा आणे. तेहतीस गुणिले तेहतीस म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. त्या साखळीनं अख्खा मुलूख पायी चालून मोजला, बैलगाडीतून तंबू हलवत. नकाशे इतके बरोबर की आजही मोजणीचं इलेक्ट्रॉनिक ईटीएस मशीन लावलं तर बांधाबांधाला जुळतात, आणि जुळत नाहीत तिथं बहुतेक वेळा बांधच सरकवलेला असतो. चालून केलेल्या रेघेची किंमत ती. तुमची रेघ गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून मारली आहे, हे मला माझ्या पुतण्यानंच सांगितलं.

हद्द चुकली तर पुढं दुरुस्त करू, असं कुणी म्हणेल. दुरुस्ती कशी होते ते जरा कल्याणला जाऊन बघा. तिथली २७ गावं १९८३ ला महापालिकेत घेतली, २००२ ला बाहेर काढली, २०१५ ला परत आत. २०२० ला त्यातल्या १८ गावांना पुन्हा बाहेर काढायचा आदेश निघाला आणि तो हायकोर्टात टिकला नाही. चाळीस वर्षांत एका पिढीला कळलं नाही की आपलं घर गावात आहे की शहरात. पुण्याचंही तसंच. १९९७ ला गावं घेतली, मग त्यातली काही सोडली, २०१७ ला अकरा घेतली, २०२१ ला तेवीस. फुरसुंगी आणि उरुळी देवाची यांची गोष्ट तर आपण नीट समजून घ्यायला हवी. पुण्याची हद्द तिथं पोचण्याच्या कितीतरी आधी पुण्याचा कचरा तिथं पोचला होता. रोज ट्रकांनी. लोकांनी आंदोलनं केली, गाड्या अडवल्या. २०१७ ला ती गावं शहरात आली, आणि मग लोकांनीच मागणी लावून धरली की आम्हाला वेगळी नगरपरिषद द्या. मिळाली. हद्दीच्या बाहेर राहिलेल्यांच्या वाट्याला शहराचं काय येतं, ते त्यांना विचारा.

हे लिहिताना तुमच्या कागदावरचं आणखी एक चिन्ह आठवलं. ‘प्रस्तावित घनकचरा प्रकल्प’ म्हणून एक चौकोन काढलाय. गायरान, उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी. रेघेच्या आत, पण अगदी काठावर. पलीकडं शंभर पावलांवर ठाकरवस्ती आणि पाझर तलाव. तात्या, तुम्ही माझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त बघितलेत. पावसाचं पाणी त्या उतारावरून कुठं जातं हे तुम्हाला मी सांगायला नको. ते विहिरीत जातं. तुमच्या-माझ्या नळाची विहीर.

ग्रामसभेबद्दल दोन शब्द. नगरपंचायतीत ग्रामसभा नसते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी मारुतीच्या पारावर उभं राहून सरपंचाला जाब विचारायची सोय संपते. शहरातल्या प्रभाग समित्या तीन लाखांवरच्या शहरांना, आपल्याला त्यांचाही उपयोग नाही. सतरा नगरसेवक सभागृहात बसतील आणि आपण बाहेर. ग्रामसभेत फारसं कुणी येत नाही, गणपूर्तीला माणसं गोळा करावी लागतात, हे मला ठाऊक आहे. मीही कितीदा दांडी मारलीय. पण गाव सोडायचं की नाही, कुठून कुठवर सोडायचं, हा शेवटचा प्रश्न तरी ग्रामसभेत विचारायला हवा होता. तुमच्या निवेदनाला जोडलेला ठराव ‘नगरपंचायत व्हावी’ एवढाच आहे. हद्दीचा शब्दही त्यात नाही. आणि मासिक सभेचा आहे, ग्रामसभेचा नाही.

तुमची सगळ्यात मोठी सबब घाईची आहे. ‘आत्ता नाही तर कधीच नाही,’ असं भाषणात ऐकलं. उलट आहे. जनगणनेसाठी हद्दी गोठवल्या आहेत, ३१ डिसेंबर २०२५ ला जी होती ती ३१ मार्च २०२७ पर्यंत तशीच धरायची. तोवर गावाचं नगर होण्याची शक्यता नाही. त्यानंतर नवे आकडे येतील आणि २०११ च्या अकरा हजारांवर भांडायची गरजच राहणार नाही. चाळीतल्या खोल्यांतले परप्रांतीय कामगार आणि हायवेच्या ढाब्यावरची पोरं मोजली तर आपण कुठं जाऊ कुणास ठाऊक. म्हणजे पुरतं एक वर्ष हातात आहे. आणि नगरपंचायत झाली की लगेच निवडणूक होते असंही समजू नका. आधी प्रशासक बसतो. राज्यातल्या कितीतरी नगरपालिकांत तो वर्षानुवर्षं बसला होता, शेवटी २ डिसेंबर २०२५ ला मतदान झालं. हद्दीची चूक झाली तर प्रशासकाच्या काळात ती सांगायची कुणाला?

या वर्षात काय करावं, हे सांगतो. पेनाची रेघ फाडून टाका. हद्द गट नंबरांनी लिहा आणि चतुःसीमा लिहा, म्हणजे राजपत्रात उद्घोषणा येईल तेव्हा कुणालाही आपला गट त्यात शोधता येईल आणि तीस दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडं हरकत घेता येईल. पाण्यानं जा. जिथून पाणी येतं आणि जिथं सांडपाणी जातं, ते एका कारभाराखाली असू द्या; विहीर, पाझर तलाव, टाकी, ओढा, सगळं. कचऱ्याचा चौकोन हायवेच्या खालच्या अंगाला, विहिरीच्या उताराबाहेर शोधा. जागा आहे, मला माहीत आहे, फक्त ती कुणाकुणाच्या बंगल्याच्या वाऱ्याच्या दिशेला येते म्हणून कुणी बोलत नाही. पूर्वेची जीभ ठेवायची असेल तर ठेवा, पण मग तिच्यासाठी मोजली तेवढीच पावलं वस्तीसाठीही मोजा. आणि वस्तीला आत यायचं की नाही हे वस्तीनं ठरवावं. त्यांच्या सभेला मी येईन, रोजगार हमी जाते हेही सांगेन आणि नगरसेवकाची जागा मिळते हेही सांगेन. ते नको म्हणाले तर बाहेर राहतील. पण मग विहिरीचा करार कागदावर करा, त्यांच्या सह्यांनी, आणि पाण्याचे पैसे द्या. फुकट नाही.

गावनकाशाची प्रत, टिपणं आणि माझी जुनी साखळी माझ्याकडं आहे. साखळीच्या दोन कड्या बदलल्यात, पण माप बरोबर आहे. नातवानं मोबाईलशी ताडून पाहिलंय. येत्या रविवारी सकाळी साडेसहाला मी ओढ्याच्या पुलावर उभा असेन. तिथून सुरुवात करू, उत्तरेला विहिरीवर न्याहारी करू, बारापर्यंत परत. फ्लेक्सवरच्या सव्वीस जणांपैकी जेवढे येतील तेवढे. चपला घालून येऊ नका, रान ओलं आहे. ज्यांच्याकडं काठी असेल त्यांनी आणावी, कालव्याकडेच्या उसात बिबट्याचे ठसे दिसलेत.

तुमचाच,
खालच्या आळीतला निवृत्त भूकरमापक